गंगाजळीचं बीजक : संगणकावर बिटकॉइनचं वॉलेट उभं करताना

ग्वाल्हेरच्या मराठी घरात किल्ल्याचा विषय निघाला की गंगाजळीची गोष्ट निघतेच. शिंद्यांचा खजिना किल्ल्याच्या पोटात, तळघरांमध्ये. आणि तिथवर पोचायची खूण, म्हणजे बीजक, एकट्या महाराजांना ठाऊक. १८८६ साली जयाजीराव वारले तेव्हा माधवराव पुरते दहा वर्षांचेही नव्हते, आणि बीजक सांगायचं राहून गेलं, असं सांगतात. खजिना कुणी नेला नव्हता. तो होता तिथेच होता, वाट दाखवणारं मात्र कुणी उरलं नव्हतं.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहणाऱ्या माझ्या मामांच्या लॅपटॉपवर बिटकॉइनचं, म्हणजे फक्त इंटरनेटवर चालणाऱ्या डिजिटल नाण्यांचं, वॉलेट उभं करून द्यायला बसले तेव्हा ही गोष्ट सतत डोक्यात होती. वॉलेट बनवताना संगणक आपल्याला बारा शब्द देतो. त्यांना सीड म्हणतात, म्हणजे बीज. आपल्या भाषेत खजिन्याच्या खुणेला बीजक म्हणतात, हा योगायोग मला फार आवडतो. पुढे जे लिहिते आहे ते सगळं याच बारा शब्दांभोवती फिरतं. प्रोग्रॅम बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे. शब्द सांभाळणं हे खरं काम.

नाणी असतात कुठे

मामांचा पहिला प्रश्न होता, "लॅपटॉप बिघडला तर पैसे गेले का गं?" हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि याचं उत्तर नीट समजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बिटकॉइन लॅपटॉपमध्ये नसतात. ३ जानेवारी २००९ पासून एक वही लिहिली जाते आहे आणि तिच्या पूर्ण प्रती जगभरातल्या हजारो संगणकांवर आहेत. साधारण दर दहा मिनिटांनी तिला एक नवं पान जोडलं जातं, त्याला ब्लॉक म्हणतात. अमक्या पत्त्यावरून तमक्या पत्त्यावर इतकं गेलं, एवढंच त्यात असतं. पत्ता म्हणजे खाते क्रमांकासारखी अक्षरा-आकड्यांची लांब ओळ. नाव नाही, गाव नाही. एखाद्या पत्त्यावरची रक्कम हलवायची तर त्या पत्त्याच्या किल्लीने सही करावी लागते. वॉलेट नावाचा प्रोग्रॅम तीन कामं करतो : किल्ल्या सांभाळतो, आपल्या पत्त्यांवर काय जमा आहे ते वहीत पाहतो, आणि आपण सांगितलं की सही करून हुकूम पाठवतो. बस.

सगळ्या किल्ल्या एकाच मोठ्या संख्येतून निघतात, आणि ती संख्या माणसाला लिहिता-वाचता यावी म्हणून तिचे बारा इंग्रजी शब्द करून दाखवतात. शब्द हाताशी असले तर लॅपटॉप चंबळेत पडला तरी दुसऱ्या संगणकावर सगळं परत उभं राहतं. शब्द नसले आणि लॅपटॉपही गेला, तर जगात कुणीही काही करू शकत नाही. बँकेसारखा अर्ज नाही, खिडकी नाही, साहेब नाही.

कोणता प्रोग्रॅम घ्यावा

नवख्या माणसाला मी दोनच नावं सांगते. एक बिटकॉइन कोअर, जो अख्खी वही स्वतःच्या संगणकावर उतरवून घेतो आणि प्रत्येक नोंद स्वतः तपासतो. तत्त्व म्हणून हे सगळ्यात भक्कम. पण वहीचा आकार आता सहाशे जीबीच्या वर गेला आहे. 'प्रून' ही सोय चालू केली तर जुनी पानं तपासून टाकून देता येतात आणि डिस्कवरची जागा वाचते, तरी एकदा उतरवून घ्यावं सगळंच लागतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हे काम दिवसचे दिवस चालतं. मध्येच लाइट गेली आणि संगणक धाडकन बंद झाला, तर कधी कधी त्याची नोंदवही बिघडते आणि पुन्हा पहिल्यापासून तपासणी करत बसावं लागतं. आपल्याकडे मे-जूनमध्ये लाइटीचं काय होतं ते सांगायला नको. यूपीएस असेल, एसएसडी असेल, हौस असेल, तर जरूर करा. हेही लक्षात असू द्या की बिटकॉइन कोअर बारा शब्द देत नाही. त्याच्या वॉलेटच्या फाइलचीच प्रत काढून ठेवावी लागते.

दुसरं नाव इलेक्ट्रम. २०११ पासून चालत आलेला, मोफत, आणि ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो असा. तो अख्खी वही उतरवत नाही. पानांचे फक्त मथळे घेतो आणि बाकीची माहिती सर्व्हरला, म्हणजे अख्खी वही ठेवणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या संगणकाला, विचारतो. सर्व्हर आपले पैसे घेऊ शकत नाही, कारण किल्ल्या आपल्याकडेच राहतात. पण आपले पत्ते कोणते हे त्याला कळतं, आणि तेवढा खासगीपणा इथे कमी होतो. मामांसाठी मी इलेक्ट्रमच बसवला, आणि पुढची माहिती त्याचीच आहे.

आधी संगणक

ही पायरी सगळे टाळतात. क्रॅक केलेलं विंडोज, कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेलं ऑफिस, मुलांनी उतरवलेले फुकटचे गेम, असा संगणक वॉलेटसाठी वापरू नका. अशा प्रोग्रॅमबरोबर येणारे व्हायरस नेमके वॉलेटच्या फाइली आणि कॉपी केलेले पत्ते शोधत असतात. ऑफिसचा संगणक नको, सायबर कॅफे तर नकोच. जुना लॅपटॉप पुसून त्यावर अधिकृत विंडोज किंवा लिनक्स नव्याने टाकला तरी पुरतं. मामांनी मेळ्यातून घेतलेला सहा वर्षं जुना लॅपटॉप आम्ही असाच पुसून घेतला. इलेक्ट्रमला फार ताकद लागत नाही.

उतरवणं आणि सही तपासणं

इलेक्ट्रमचं अधिकृत ठिकाण एकच : इलेक्ट्रम डॉट ऑर्ग. गूगलवर शोधून वर दिसेल ती पहिली ओळ दाबू नका. तिथे पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात आणि खोट्या वेबसाइट अशा जाहिरातींतूनच माणसांना पकडतात. ब्राउझरच्या पट्टीत पत्ता स्वतः टाइप करा, अक्षरं दोनदा वाचा.

डाउनलोडच्या पानावर विंडोजसाठी इन्स्टॉलर आहे, आणि त्याच्या शेजारी सहीची एक छोटी फाइल. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये उतरवा. ही सही म्हणजे प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी मारलेली लाखेची मोहर समजा. मधे कुणी फाइल बदलली तर मोहर जुळत नाही. तपासायला जीपीजी-फॉर-विन नावाचं मोफत साधन बसवा. त्याच्याबरोबर क्लिओपात्रा हा प्रोग्रॅम येतो. इलेक्ट्रमच्या पानावर दिलेली सार्वजनिक किल्ली (ही फक्त मोहर ओळखायची, आपल्या वॉलेटच्या किल्ल्यांशी हिचा संबंध नाही) त्यात आयात करा आणि सहीच्या फाइलवर 'व्हेरिफाय' म्हणा. "ही किल्ली तुम्ही स्वतः प्रमाणित केलेली नाही" अशा अर्थाची सूचना येईल, ती ठीक आहे. सही चुकीची आहे असं आलं तर मात्र फाइल तिथल्या तिथे काढून टाका.

पहिल्यांदा यात पाऊण तास जातो आणि माणूस कंटाळतो. मामाही म्हणाले, "राहू दे ना." मी राहू दिलं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये काही लबाड सर्व्हरांनी इलेक्ट्रम वापरणाऱ्यांच्या पडद्यावर "नवी आवृत्ती घ्या" असा संदेश दाखवला होता, खाली दुवा देऊन. दुव्यावरचा प्रोग्रॅम खोटा होता. ज्यांनी तो बसवला त्यांची नाणी गेली. ज्यांनी सही तपासली असती त्यांना तो खोटा असल्याचं तिथेच कळलं असतं. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ती पळवाट बंद केली आहे, पण धडा कायमचा : प्रोग्रॅमच्या आत, ईमेलमध्ये, व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून अपडेट कधी घ्यायचं नाही. दर वेळी अधिकृत पानावर जायचं, दर वेळी सही तपासायची. किल्ली एकदा आयात झाली की दुसऱ्या वेळेपासून दोन मिनिटांचं काम उरतं.

वॉलेट बनवणं

खोलीचं दार लावा. मोबाइल बाहेर ठेवा. कॅमेरा नको म्हणून, आणि लक्ष विचलित होऊ नये म्हणूनही. एक जाड कागद आणि बॉलपेन घ्या.

प्रोग्रॅम सुरू झाला की सर्व्हर कसा निवडायचा ते विचारेल. आपोआप निवडू द्या. मग वॉलेटला नाव. मग प्रकार : 'स्टँडर्ड वॉलेट'. बाकीचे प्रकार चांगले आहेत, पण पहिल्या दिवशीचे नाहीत. पुढे 'क्रिएट अ न्यू सीड'. पडद्यावर बारा शब्द येतील.

इथे घाई करायची नाही. शब्द क्रमांक घालून, मोठ्या सुट्या अक्षरांत लिहा. क्रम बदलला की वॉलेट बदललं. फोटो काढू नका, स्वतःलाच ईमेल करू नका, गूगल ड्राइव्हवर नको, नोट्समध्ये नको. इंटरनेटला जोडलेल्या जागी गेलेलं बीजक आपलं एकट्याचं उरत नाही. प्रिंटही नको, प्रिंटरच्या मेमरीत प्रत राहू शकते.

शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात, आणि त्या यादीची एक खुबी आहे : कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नसतात. हे मला कामी आलं आहे. माझा स्वतःचा पहिला कागद मी जेल पेनने लिहिला होता आणि वाड्याच्या बाहेरच्या भिंतीतल्या कपाटात ठेवला होता. पावसाळ्यात भिंत ओलावली, शाई पसरली. नऊ शब्द स्वच्छ होते, दोघांची नुसती सुरुवात उरली होती, एक पूर्ण गेला होता. सुरुवात उरलेले दोन यादीतून सापडले. गेलेल्या शब्दासाठी माझं नशीब की लॅपटॉप चालू होता आणि पासवर्ड आठवत होता. वॉलेटच्या मेनूत 'सीड' म्हटलं की पासवर्ड विचारून शब्द पुन्हा दाखवतात. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून सांगते : बॉलपेन, जाड कागद, प्लास्टिकची बंद पिशवी, आणि दोन प्रती दोन वेगळ्या घरांत. रक्कम मोठी असेल तर लोक शब्द स्टीलच्या पट्टीवर ठोकून ठेवतात, तेही शहाणपणाचंच.

कागदावर शब्दांखाली दोन गोष्टी आणखी लिहा : 'इलेक्ट्रम' हे नाव आणि तारीख. इलेक्ट्रमची शब्द तपासण्याची रीत इतर बऱ्याच वॉलेटांहून वेगळी आहे. दहा वर्षांनी कुणी हे शब्द भलत्याच वॉलेटमध्ये घातले तर ते वॉलेट "चुकीचे शब्द" म्हणेल आणि बिचारा माणूस समजेल सगळं बुडालं.

यानंतर प्रोग्रॅम शब्द परत टाइप करायला लावतो, मग पासवर्ड मागतो. पासवर्ड फक्त या संगणकावरच्या फाइलचं कुलूप आहे. तो विसरलात तर शब्दांवरून वॉलेट पुन्हा उभं करता येतं. शब्द विसरलात तर पासवर्डचा आधार संगणक चालतोय तोवरच.

पैसे टाकण्याआधीची रंगीत तालीम

इथे मी हट्टी आहे. एक रुपयाचंही बिटकॉइन आत येण्याआधी वॉलेट मोडून परत उभं करायचं.

'व्ह्यू' मेनूतून पत्त्यांचा टॅब उघडा आणि पहिला पत्ता कागदावर उतरवा. तो बीसी१ ने सुरू झालेला दिसेल. इलेक्ट्रम बंद करा. पुन्हा उघडा, नव्या नावाने वॉलेट सुरू करा, पण या वेळी 'आय ऑलरेडी हॅव अ सीड' निवडा आणि शब्द पडद्यावरून नाही, स्मरणातून नाही, कागदावरून वाचून घाला. आता पहिला पत्ता पाहा. तोच आला तर तुमचा कागद खरा. मामांच्या कागदावर सातवा शब्द एका अक्षराने चुकला होता, आणि तो या तालमीत सापडला. पैसे टाकून तीन वर्षांनी सापडला असता तर?

पाठवण्या-घेण्याचा सरावही फुकट करता येतो. विंडोजवर इन्स्टॉलरने बसवलं असेल तर स्टार्ट मेनूत 'इलेक्ट्रम टेस्टनेट' असं दुसरं चिन्ह असतं. ती सरावाची वेगळी वही आहे, तिथल्या नाण्यांना किंमत नाही, आणि ती फॉसेट नावाच्या वेबसाइटवरून मोफत मिळतात. दोन संध्याकाळी तिथे काढा. हाताची भीती जाते.

घेणं आणि पाठवणं

घेणं सोपं. 'रिसिव्ह' टॅबमध्ये विनंती तयार करा, पत्ता आणि क्यूआर मिळतो. विनंतीला मुदत असते, ती संपल्याचं दिसलं की नवखे घाबरतात. मुदत विनंतीची असते, पत्ता तुमचाच राहतो आणि त्यावर आलेली रक्कम तुम्हालाच मिळते. दर वेळी नवा पत्ता वापरावा, म्हणजे आपले सगळे व्यवहार एका ठिकाणी कुणाला वाचता येत नाहीत. रक्कम आल्यावर आधी 'अनकन्फर्म्ड' दिसते. एका पानात नोंद झाली की एक पुष्टी. मोठ्या रकमेला सहा पुष्ट्यांपर्यंत, म्हणजे साधारण तासभर, थांबायची रीत आहे.

एक्स्चेंजमधून, म्हणजे रुपये देऊन बिटकॉइन विकत घेतो त्या ठिकाणाहून, पहिल्यांदा रक्कम आणताना आधी लहानशी पाठवा. ती पोचली, पुष्टी झाली, की बाकीची. शुल्क दोनदा पडतं, पडू द्या. काही ठिकाणी नाणी बाहेर काढूच देत नाहीत, तेव्हा खातं उघडण्याआधी हा नियम वाचा, आणि ते एक्स्चेंज सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेलं आहे का हेही पाहा. मार्च २०२३ पासून ते बंधनकारक आहे.

पाठवताना जीव डोळ्यांत आणायचा. पत्ता चिकटवल्यावर सुरुवातीची सहा आणि शेवटची सहा अक्षरं मूळ पत्त्याशी ताडून पाहा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलून स्वतःचा टाकणारे व्हायरस असतात. मग एकक पाहा. रकमेपुढे एमबीटीसी लिहिलं असेल तर तो बिटकॉइनचा हजारावा भाग आहे. एका बिटकॉइनमध्ये दहा कोटी सातोशी असतात, आणि शून्यांत चूक होणं सोपं आहे. 'प्रेफरन्सेस'मध्ये जाऊन तुम्हाला समजतं ते एकक लावा आणि तेच ठेवा. मामांनी सातोशी लावलं. त्यांना दशांश चिन्हच नको होतं, आणि मला ते पटलं.

पुढच्या खिडकीत शुल्क दिसतं. ते रकमेवर ठरत नाही. व्यवहार वहीत किती जागा घेतो आणि त्या वेळी गर्दी किती आहे, यावर ठरतं. पाचशे रुपयांचं बिटकॉइन आणि पाच लाखांचं, दोघांना सारखंच शुल्क पडू शकतं. घाई नसेल तर कमी ठेवा. व्यवहार अडकून राहिला तर इतिहासाच्या टॅबमध्ये त्यावर उजवी कळ दाबून शुल्क वाढवता येतं. पुष्टी झाल्यावर मात्र परतीची वाट नाही. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं परत मागायला कुणाकडे जाणार?

कराचं थोडक्यात

भारतात बिटकॉइन बाळगणं गुन्हा नाही, आणि ते कायदेशीर चलनही नाही. बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगणारं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के उपकर. नफ्यातून फक्त खरेदीची किंमत वजा होते. तोटा दुसऱ्या कशातून वळता करता येत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. विक्रीवर १ टक्का टीडीएस १ जुलै २०२२ पासून. एक्स्चेंजमधून आपल्याच वॉलेटमध्ये आणणं ही विक्री नाही, पण पुढे कुणी विचारलं तर दाखवता यावं म्हणून तारीख, रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक वहीत टिपून ठेवा. मामा यासाठी जुनी लाल बासनाची वही वापरतात. बाकी आपल्या सीए मंडळींना विचारा.

कुणी शब्द मागितले तर

देऊ नका. याला अपवाद नाही. इलेक्ट्रमचा माणूस, एक्स्चेंजचा माणूस, पोलीस म्हणवणारा माणूस, टेलिग्रामवरचा मदत करणारा सज्जन, कुणालाही या शब्दांची गरज नसते. वेबसाइटवर "वॉलेट पडताळणी"साठी बारा रकाने दिसले की खिडकी बंद करा. शब्द कुणाकडे गेले अशी शंका जरी आली, तरी त्याच मिनिटाला नवं वॉलेट बनवून रक्कम तिकडे हलवा. चौकशी नंतर. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर नोंदवता येते.

पाकीट

शेवटचं काम लॅपटॉप बंद करून करायचं आहे. घरातल्या एका माणसाला माहीत हवं की असं काही आहे. शब्द सांगायचे नाहीत, जागा सांगायची.

मामांचं पाकीट मामी आणि मुलगा दोघांना माहीत आहे. एक प्रत त्यांच्या लॉकरमध्ये, दुसरी इंदूरला मावशीकडे. आतला मजकूर आम्ही तिघांनी बसून लिहिला. तो असा : "हे बारा शब्द म्हणजे बिटकॉइनची किल्ली आहे. कुणालाही फोनवर सांगू नका, फोटो काढू नका, दुरुस्तीवाल्याला दाखवू नका. घाई नाही, रक्कम कुठे जात नाही. स्वच्छ संगणकावर इलेक्ट्रम डॉट ऑर्गवरून इलेक्ट्रम उतरवा, सही तपासा, 'आय ऑलरेडी हॅव अ सीड' निवडा आणि शब्द याच क्रमाने घाला. पहिला पत्ता खाली लिहिला आहे, तोच आला पाहिजे. नाही आला तर अक्षर नीट वाचा, शब्द ओळखायला पहिली चार अक्षरं पुरतात. हिशोबाची लाल वही देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे."

मामींनी ते दोनदा वाचलं आणि सातव्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हा 'आर' आहे की 'एन'?" मामांनी नवा कागद घेतला आणि बाराही शब्द पुन्हा लिहिले.